गोव्याला सायकलने, पण पायी

आमचे मास्तर आयुष्यात एकदाच वसई तालुका सोडून लांब गेले आणि पुढची चाळीस वर्षं तिथून परत आलेच नाहीत. अंगाने आले, पण बोलणं तिकडेच राहिलं. लग्नाचा मांडव असो की मयताचं घर, कुठूनही सुरुवात केली तरी पाचव्या वाक्याला मास्तर सायकलवर बसलेले असत. दर नाताळला आंबोलीचा घाट एकेक मैलाने वाढे. मी त्यांची बायको, बेला. त्यांनी वाटेतून टाकलेली सगळी कार्डं माझ्या ट्रंकेत आहेत, त्यामुळे घाट मुळात केवढा होता हे सांगायचा अधिकार माझा आहे.

ही गोष्ट १९५२ च्या नाताळातली. विरार आणि आगाशीच्या मधे आमची वाडी. मास्तरांचं नाव सॅन्टन. शाळेत गणित शिकवायचे. डावा पाय उजव्यापेक्षा जरा बारीक होता, आणि त्या पायातच सगळ्या गोष्टीचं मूळ होतं. चार वर्षांचे होईपर्यंत मास्तर उभेच राहिले नव्हते. माझी सासू उर्सुला, तिला आम्ही सगळे आय म्हणायचो, तिने त्यांना कडेवर घेऊन वैद्य केले, मुंबईचे डॉक्टर केले, पायांना नाही नाही ती तेलं चोळली. शेवटी तिने गोव्याच्या संत झेवियरला साकडं घातलं. पोराला पाय दे, तो पायी चालत तुझ्या पायाशी येईल, आणि येईपर्यंत मी माझ्या पायात काही घालणार नाही.

तीन महिन्यांत पोरगं बाकाला धरून उभं राहिलं. पण नवस फेडायचा कसा? संताचं शव ठेवलेली पेटी दर्शनासाठी खाली काढतात ती दहा वर्षांतून एकदा. पहिल्या खेपेला माझे सासरे अंथरुणाला खिळलेले होते. दुसऱ्या खेपेला लढाई चालू होती. असं करत करत आयने अठ्ठावीस वर्षं अनवाणी काढली. एप्रिलमधे आगाशीच्या बाजाराच्या वाटेवर पाय ठेववत नसे, त्या वाटेवरून ती केळफुलांची टोपली घेऊन जायची. रविवारी सकाळी अंगणातल्या क्रूसाजवळ बसून मेणबत्तीचं मेण आणि खोबरेल कालवून तळव्यांच्या भेगांत भरायची आणि मग मिस्साला निघायची. तिच्या शेजारून मी सँडल घालून चालायचे. सगळ्या बायकांची नजर आधी तिच्या पायांवर जायची, मग माझ्या. लग्नात आईने दिलेल्या चांगल्या सँडलची मला अशी शरम वाटायची की सांगता सोय नाही.

बावन्न सालची पेटी खाली काढणार अशी बातमी चर्चमधे वाचली गेली, तेव्हा आय पासष्टीची होती. घरी आल्यावर ती मास्तरांना म्हणाली, "फुडच्या टायमाला मी नसनार. वर गेल्यावर झेवियर सायब इचारील, उर्सुला, पोर कुटं हाय? काय सांगू मी?"

मास्तर कागद घेऊन गणित मांडायला बसले. पावणेचारशे मैल. चालत गेलं तर महिना. नाताळची सुट्टी आणि शाळेने दिलेली रजा धरून हातात होते बारा दिवस, कारण सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, दर्शन संपणार होतं. गणित काही सुटेना. मग मास्तर उठले आणि आमच्या चर्चच्या फादर ज्युलियसकडे गेले.

फादर नेमके जेवायला बसले होते. ताटात तळलेली बोय मासळी होती, असं मास्तर आवर्जून सांगत. मास्तरांनी दारातूनच विचारलं, "फादर, नवस पायी जायचा आहे. सायकलने गेलं तर चालेल का?"

फादर म्हणाले, "सायकल कशाने चालते? पायाने. पाय चालताहेत तोवर चालेल. जा आता."

दुसरा कोणी असता तर आनंदाने घरी आला असता. मास्तर आले ते कपाळाला आठ्या घालून. चढावर पाय चालतात, सपाटीवर चालतात, पण उतारावर पाय थांबतात आणि सायकल आपणहून जाते. म्हणजे उतारावर नवस मोडतो.

"मग उतारावर काय करणार?" मी विचारलं.

"उतरणार. सायकल हातात धरून चालणार."

"म्हणजे चढताना जीव काढायचा आणि फुकटचं मिळतंय ते सोडून द्यायचं?"

"मी मजा करायला चाललो नाही, बेला."

मी परोपरीने सांगितलं की फादरांचं लक्ष तुमच्याकडे नव्हतं, माशाच्या काट्यात होतं. परत जाऊन नीट विचारून या. पण एकदा उत्तर लिहून खाली दोन रेघा मारल्या की मास्तर ते खोडत नसत. शाळेतली मुलं ह्याच कारणाने त्यांना घाबरायची.

सायकल आगाशीच्या काशिनाथची. काशिनाथची केळीची मोठी वाडी होती आणि ह्याच सायकलवरून तो केळ्यांचे लोंगर स्टेशनला पोचवायचा. मागचं कॅरिअर लोहाराकडून करून घेतलेलं, नुसतं उचलायला दोन माणसं लागायची. त्याने सायकल दिली, वर वाळक्या पानांत बांधलेल्या सुकेळ्यांचे, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचे, दहा पुडे दिले. "वाटेत खा. आणि कोणाला आवडली तर आगाशीच्या काशिनाथची आहेत म्हणून सांगा," असं तो म्हणाला. म्हणजे मास्तरांच्या जेवणाचा प्रश्न सुटला आणि काशिनाथची कोल्हापूरपर्यंत जाहिरात झाली. पैशांचं म्हणाल, तर परतीच्या रेल्वेभाड्यापुरते मी गंजिफ्राकाच्या आतून शिवून दिले होते आणि गोव्याला पोचल्याशिवाय टाका उसवायचा नाही अशी शपथ घ्यायला लावली होती. बाकी खिशात चहापुरती चिल्लर. झोपायला शाळांचे ओटे. मास्तर मास्तराला हाकलत नाही, एवढ्या भरवशावर स्वारी निघाली.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वाडी निरोप द्यायला जमली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते, कारण सणाच्या दिवसांत नवरा घर सोडून जातो हे मला मुळीच आवडलं नव्हतं. आयने त्यांच्या कपाळावर क्रूसाची खूण केली. खाली वाकून डाव्या पोटरीवरून हात फिरवला. तेवढं बघून माझा राग गेला, पण तोवर सायकल वळणापलीकडे गेली होती.

पहिली अडचण घरापासून पंधरा मैलांवरच आली. जूचंद्रच्या पुढे खाडी लागते आणि पलीकडे घोडबंदरला होडीने जावं लागतं. होडीत माणूस बसतो आणि होडी चालते. पाय थांबतात! मास्तर काठावर उभे राहून विचार करू लागले. होडीवाला शिव्या द्यायला लागला. शेवटी मास्तरांनी सायकल होडीत चढवली, स्टँडवर उभी केली, वर चढून बसले आणि जागच्या जागी पायडल मारायला सुरुवात केली. कॅरिअरवालं अवजड चाक गरागरा फिरायला लागलं आणि त्याला लागलेला चिखल मागे बसलेल्या कोळणीच्या टोपलीत उडायला लागला.

"मास्तर, पाय हलवून होडी हलनार नाय," होडीवाला म्हणाला. "पानी वल्ह्याने कापायचं असतं."

"माझं मला करू द्या. तुमचं तुम्ही करा."

"आनि माज्या बोंबलांचं काय?" कोळीण ओरडली.

मास्तरांनी तिला एक पुडा सुकेळी देऊन गप्प केलं. खाडी अर्धी झाल्यावर होडीवाल्यालाच गंमत वाटायला लागली आणि त्याने वल्हं आणि पायडल ह्यांची शर्यत लावली. ही हकीकत पहिल्या कार्डात आहे. खाली लिहिलंय, "खाडी पायी ओलांडली."

बोरघाट ते ऐटीत चढले. चढ म्हटला की मास्तर खूष. ट्रकवाले थांबून "बसा मागे" म्हणायचे, मास्तर हात हलवून त्यांना पुढे घालवायचे. चौथ्या दिवशी पुणं सोडलं तोवर सगळं हिशोबाप्रमाणे होतं. घोटाळा झाला तो कात्रजला. चढ संपला, बोगदा संपला आणि समोर मैलचे मैल उतार. मास्तर शहाण्यासारखे खाली उतरले, सायकल हातात धरली आणि चालू लागले.

मागून एक बैलगाडीवाला आला. "ओ पाव्हणं, सायकल बिघडली का?"

"नाही. सायकल चांगली आहे."

"मग पायाला लागलंय?"

"नाही. पायही चांगले आहेत."

"मग?"

"उतार आहे."

गाडीवाल्याने गाडी थांबवली. मग खाली उतरून आपल्या भोपळ्यातलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं, कारण भर उन्हात टोपीशिवाय फिरणाऱ्या माणसाचं असंच होतं हे त्याला ठाऊक होतं. पुढे दोन मैल तो त्यांच्या बरोबरीने गाडी हाकत राहिला. एकट्याला सोडायला त्याचा जीव होईना.

मास्तरांना वाटलं होतं, घाट काय, दोन-तीनच आहेत. पण सातारा ते कोल्हापूर रस्ता कसा आहे हे नकाशात दिसत नाही. तो सारखा वर जातो आणि सारखा खाली येतो. दर फर्लांगाला मास्तर चढायचे आणि उतरायचे. एका दिवशी त्यांनी मोजलं. एकशे बारा वेळा उतरले होते आणि एकशे अकरा वेळा पुन्हा चढले होते, कारण शेवटच्या वेळी तिथेच शाळा लागली.

त्या शाळेच्या मास्तरने त्यांना पिठलं-भाकरी दिली, घोंगडी दिली, आणि सकाळी उठल्यावर चाळीस वह्या पुढ्यात ठेवल्या. आपलं सासुरवाडीला जायचं अडलंय, तेवढा अपूर्णांकांचा पेपर तपासून द्या म्हणाला. खाल्ल्या भाकरीला नाही कसं म्हणायचं? मास्तर बसले. बरं, नुसत्या खुणा करून उठावं तर तेही नाही. स्वभावाप्रमाणे प्रत्येकाची चूक समजावून लिहिली. दुपार गेली. पुढच्या गावीही हाच प्रकार झाला. मला वाटतं, रस्त्याने बातमी मास्तरांच्या पुढे धावत होती.

कार्डं मात्र रोज येत. चौथ्या दिवशी, "सुकेळी फार उपयोगी पडत आहेत." सातव्या दिवशी, "सुकेळी अजून पुष्कळ आहेत." नवव्या दिवशी, "काशिनाथला सांग, मी सुकेळी आयुष्यात पुन्हा खाणार नाही." मी ही कार्डं आयला वाचून दाखवायचे. ती बोटं मोजायची. नवव्या दिवशीचं कार्ड कोल्हापूरचं होतं आणि तिथून गोवा अजून सव्वाशे मैल. तिने विचारलं, "पोचंल का गं?" मी म्हटलं, पोचतील. पण मी गणिताच्या मास्तरची बायको होते. मला कळत होतं की ह्या चालीने ते पोचत नाहीत. त्या दिवशी मला फादर ज्युलियसचा, त्या बोयीचा आणि माझ्या नवऱ्याचा एवढा राग आला की मी विहिरीवर जाऊन रडले.

पाच तारखेला दुपारी मास्तर आजऱ्याला पोचले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेटी वर जाणार होती. मधे आंबोलीचा घाट, दहा मैलांचा सलग उतार. तो चालत उतरायचा म्हणजे अर्धा दिवस गेला. मास्तर एका चिंचेखालच्या सायकलच्या दुकानापुढे मटकन बसले. दुकानदार जगन्नाथ. त्याने ट्यूबचं पंक्चर काढता काढता सगळी कथा ऐकली आणि हातातला पाना खाली ठेवला.

"मास्तर, तुमची अडचण उताराची न्हाई," तो म्हणाला. "तुमची अडचण फ्रीव्हीलची हाय. ते हाय म्हणून पाय थांबत्यात. मी ते जाम करून देतो. मग चाक फिरलं की पायडल फिरणार, आन् पायडल फिरलं की पाय फिरणार. थांबायचं म्हटलं तरी थांबायचं न्हाई."

मास्तरांचे डोळे चमकले. "म्हणजे उतारावरसुद्धा पाय चालतील?"

"चालतील? पळतील!"

अकरा दिवस ज्या गणितात ते अडकले होते ते ह्या माणसाने अर्ध्या तासात सोडवलं. मजुरी विचारली तर त्याने सुकेळीचा पुडा उघडून एक तोंडात टाकलं आणि उरलेले सगळे पुडे द्या म्हणाला. मास्तरांना एकाच दिवशी दोन संकटांतून सुटल्यासारखं झालं. निघताना जगन्नाथने ब्रेकचे रबर नवे घातले आणि बजावलं, "घाटात ब्रेक सोडू नका, हां."

सहा तारखेला उजाडताना मास्तर आंबोलीच्या तोंडाशी उभे होते. क्रूसाची खूण केली, पायडलवर पाय ठेवले आणि सुटले. पहिला फर्लांग छान गेला. पाय आपणहून फिरत होते आणि नवस शाबूत होता. दुसऱ्या वळणावर वेग वाढला. मास्तरांनी ब्रेक दाबले. काशिनाथची सायकल केळी वाहून वाहून जड झालेली, ती कसली ऐकते? चौथ्या वळणाला रबर झिजून जळका वास यायला लागला. मग पायांचं आणि मास्तरांचं नातं तुटलं. गुडघे हनुवटीला लागून खाली जात होते. उजवी चप्पल दरीत गेली. पाय पायडलवरून काढावेत तर पायडल नडगी फोडतील, आणि ठेवावेत तर मांड्या फाटतील. खालून येणाऱ्या एका एस.टी.च्या ड्रायव्हरने गाडी कडेला घेऊन टोपी काढली, असं मास्तर सांगत. मला ते खरं वाटत नाही. त्यांनी संतांची सगळी प्रार्थनामाला मोठ्याने म्हटली हे मात्र खरं असणार, कारण त्यानंतर आठवडाभर त्यांचा घसा बसलेला होता.

दाणोलीला रस्ता सपाट झाला, त्यापुढे अर्ध्या मैलावर मास्तर थांबले. सूर्य अजून वर आला नव्हता. तिथून सावंतवाडी, बांदा, पोर्तुगीजांचा नाका, म्हापसा. पणजीच्या फेरीबोटीत पुन्हा स्टँडवर सायकल. आता कोणी हसलं तरी त्यांना ऐकू येत नव्हतं. दुपारी चारला ते जुन्या गोव्याच्या मैदानात शिरले. लांबच लांब रांग होती. मास्तरांनी सायकल झाडाला टेकवली, पाय खाली ठेवला आणि जमिनीवर कोसळले.

पाय सरळच होईनात. पोटऱ्यांत असे गोळे आले होते की गुडघे पोटाशी येऊन तिथेच बसले. मास्तर कोपरांवर सरकत रांगेकडे निघाले. डावी पोटरी बारीक, कपडे धुळीने माखलेले, एका पायात चप्पल. लोकांनी बघितलं आणि त्यांना वाटायचं तेच वाटलं. "पांगळो!" कोणीतरी ओरडलं. "वाट दियात! पांगळ्याक वाट दियात!"

चार धट्टेकट्टे पुरुष पुढे आले आणि त्यांनी मास्तरांना उचललं.

"खाली ठेवा!" मास्तर ओरडले. "मला चालत जायचंय! मी पायी आलोय!"

हे ऐकून बायका हुंदके द्यायला लागल्या. बिचारा भ्रमिष्टसुद्धा आहे असं त्यांना वाटलं असेल. रांग दुभंगली. ज्या पोराला पाय मिळाले म्हणून दाखवायला आणायचं होतं, त्याला अठ्ठावीस वर्षांनी चार अनोळखी माणसांनी पांगळा म्हणून खांद्यावरून संतापुढे नेलं. मास्तरांनी पायाशी ओठ टेकवले. त्यांना रडू कोसळलं. आणि बाहेर ओसरीवर आणून ठेवल्यावर दहा मिनिटांत पोटऱ्या सैल झाल्या आणि ते उभे राहिले.

मग जो काही गलका झाला! "मिलाग्र! मिलाग्र!" म्हणजे चमत्कार, चमत्कार, असं ओरडत माणसं धावत आली. एका म्हातारीने त्यांच्या हाताचा मुका घेतला. मास्तर जिवाच्या आकांताने सांगत होते, अहो, गोळे आले होते, फ्रीव्हील जाम आहे, चाक फिरलं की पाय फिरतात. जेवढं सांगावं तेवढी गर्दी वाढली. शेवटी सायकल घेऊन ते लंगडत पळाले.

परतीला नवस नव्हता, त्यामुळे टाका उसवून ते रेल्वेने आले. मी विरारला टांगा घेऊन गेले होते. टांग्यात त्यांनी मला सगळं सांगितलं. पोट धरून हसले मी, अगदी टांगेवाल्यासकट. मग त्यांचा चेहरा बघितला आणि हसू थांबलं.

"शेवटची पन्नास पावलं मी चाललो नाही, बेला. नवस फिटला का?"

"आयला तेवढं सांगू नका," मी म्हटलं.

"तिने अठ्ठावीस वर्षं पायात काही घातलं नाही. तिला खोटं सांगून चपला घालायला लावू?"

"आणि खरं सांगून मरेपर्यंत अनवाणी ठेवणार?" मी ओरडलेच. "तुमच्या खरेपणासाठी तिच्या पायांनी किती भोगायचं?"

तेवढ्यात टांगा दाराशी येऊन थांबला.

अंगणात सगळी वाडी जमली होती. फादर ज्युलियससुद्धा येऊन खुर्चीत बसले होते. आय क्रूसाजवळच्या दगडावर, हात मांडीवर ठेवून. मास्तर तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. होडी, कात्रज, वह्या, जगन्नाथ. लोक हसत होते. फादरांनी तर मधेच कपाळाला हात लावला, "अहो मास्तर, उतारावर उतरा असं मी कधी म्हटलं? मी जेवत होतो!" तेव्हा सगळे आणखी हसले. मी मास्तरांकडे बघत होते. अजून वेळ आहे, मनात म्हणत होते, गप्प बसा. पण ते गप्प बसले नाहीत. "आय, शेवटाला मी चाललो नाय," ते म्हणाले. "माजे पाय गेले व्हते. मला उचलून नेला."

फादर खुर्चीतून पुढे वाकले.

आयने विचारलं, "कोनी उचलला?"

"चार मानसं व्हती."

"वळखीची?"

"नाय."

"काय मागितलं त्यांनी?"

"काय नाय. पाचव्याने माजी सायकल पन राखली."

आयने आपल्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, "मी सायबाकडं पाय मागितलं, ते त्याने कवाच दिलं. पन माज्या जीवाला घोर येगळाच व्हता. ह्याचं पाय परत गेलं, आनि मी नसले, तर माज्या पोराला उचलील कोन? ते मागायचं माज्या ध्यानातच आलं नाय. त्याने न मागता दावलं." तिने डोळे पुसले. "फिटला नवस."

सगळ्या बायका रडायला लागल्या. मला मात्र भयंकर राग आला. आठ वर्षं ह्या घरात राबत होते मी. "आणि मी कोण आहे, आय?" मी सगळ्यांदेखत विचारलं. "मी नाही उचलणार त्यांना? गोव्याची माणसं हवीत?"

आयने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू? तुज्याने केळीचा लोंगर उचलत नाय."

वाडी खो खो हसली. फादर सगळ्यांत मोठ्याने. मी खाली वाकले, पायातले सँडल काढले आणि तिच्यापुढे ठेवले. एवढं मला करता येण्यासारखं होतं.

आयने पाय पुसले आणि सँडलमधे घातले. उभी राहिली. सगळे टाळ्या वाजवायला लागले. ती एक पाऊल चालली, दुसरं चालली, आणि तिसऱ्याला जमीन पायाला लागेना म्हणून गोंधळली. अठ्ठावीस वर्षांत तिला पायात काही घालून चालायची सवयच राहिली नव्हती. टाच वाकडी झाली आणि ती पुढे कोलमडली. मास्तर तिला धरायला झेपावले, तोच त्यांच्या पोटरीत पुन्हा गोळा आला आणि तेही आडवे जायला लागले.

मी कशी धावले मला ठाऊक नाही. डाव्या काखेत आय आली, उजव्या काखेत मास्तर. दोघांचा सगळा भार माझ्यावर. पाठीत कळ आली, पण मी हलले नाही. कोणी मदतीला पुढे झालं तर मी त्याला "सरका!" म्हणून ओरडले.

आयने माझ्या मानेला घट्ट मिठी मारली होती. "बेला," ती माझ्या कानात म्हणाली, "मी उगाच बोलले गं."

"ते नंतर बघू, आय," मी म्हटलं. "आधी माझ्या पायावरून उतरा."

पण काखेतून मात्र कोणालाच उतरू दिलं नाही. दोघांना तसंच धरून पायरी चढवली, ओटी ओलांडली आणि आत नेऊन बाकावर बसवलं.